शेवटचा रकाना

धरमपेठ, नागपूर
१२ एप्रिल २०२५

चि. नूपुर,

तुम्ही तिघं मजेत असाल. इथे एप्रिलमध्येच ऊन सहन होईना. कूलर काढला, पण मोटर घरघर करते आणि मेकॅनिक नुसता येतो-येतो करून राहिला. माझी तब्येत ठीक. जूनपासून अपूर्वला सांभाळायला पुण्याला या म्हणतेस, त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला. चिंगीच्या भानगडीत अडकलो होतो.

तुझी आई गेल्यापासून ही मांजर मला चावते. मागच्या महिन्यात नऊ वेळा. मनगटाला तर असे दात लावले की इंजेक्शनं घ्यावी लागली. आईच्या मांडीवर लोण्याचा गोळा, आणि माझ्याशी दावा! शेवटी तिला डॉक्टरकडे नेली. दीक्षा नावाची, तुझ्याच वयाची पोरगी. म्हणाली, हाताने खेळवू नका, दोरीला चिंधी बांधून खेळवा, शेपटी आपटायला लागली की दूर व्हा. आणि प्रत्येक चाव्याची नोंद ठेवा. तारीख, वेळ, जागा, चावण्याआधी नेमकं काय झालं ते.

नोंदी ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चौतीस वर्षं कारकुनी केली. पुढच्या खेपेला पट्टीने रकाने आखलेली वही तिच्यापुढे ठेवली. तिने पानं उलटली.

"काका, शेवटचा रकाना काहून रिकामा आहे?"

"आठवत नाही."

"वेळ मिनिटापर्यंत आठवते, अन् हेच आठवत नाही? तुम्ही तिले मारता का?"

नाही म्हणालो. ठणकावून. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनाही असंच ठणकावून सांगितलं होतं, की तुझी आई नळापाशी घसरली म्हणून हात मोडला. तू सातवीत होतीस. शेजारी उभी राहून खाली बघत होतीस.

आता लिहितो. दूध सांडलं, मारलं. पेपरवर बसली, मारलं. एकदा तर तिने काहीच केलं नव्हतं, नुसती आईच्या खुर्चीत झोपली होती. मी हात उचलला की ती चावते, एरवी कधीच नाही. तुझी आई चावली नाही, एवढाच फरक. मला लाज वाटते, नूपुर. फोनवर हे सांगता आलं नसतं. तुझ्यावरच खेकसलो असतो.

काल दीक्षा चिंगीला घेऊन गेली. मीच ने म्हणालो. पिंजऱ्याचं दार उघडल्याबरोबर ती आपणहून आत शिरली. तुझ्या आईला न्यायला कोणी आलं नाही.

रविवारी फोनवर तू हसत म्हणालीस, अपूर्वला दात आलेत, जवळ येईल त्याला चावतो, आता आजोबांनीच त्याला सरळ करावं. मीही हसलो. फोन ठेवला तेव्हा पाहिलं, माझी मूठ वळलेली होती.

मी येत नाही. पाळणाघर बघ, बाई ठेव, नोकरी महिनाभर लांबव, काहीही कर. उद्या मी रडलो, गयावया केली, आता बदललो म्हणालो, तरी त्याला माझ्याजवळ एकटं सोडू नकोस.

तुझा बाप,
अनंत