ठकूच्या वाटणीचं मत

शनिवार, १० जानेवारी

माझं तोंड आता पुरत न्हाई म्हणं, कार्ड लागतंय. ह्या गावात सून म्हणून आले तवा शाळेवर पत्रा नव्हता. आता त्याच शाळंत मी मीच हाय ह्याचा पुरावा द्यायचा.

सांगायला आली कोण, तर रतनबाईची नात दीक्षा. हिच्या टायमाला हिच्या आईला दवाखान्यात बैलगाडीतनं मी नेली व्हती. पुढच्या रविवारी ग्रामपंचायतीचं मतदान. आमच्या वार्डातनं माझी सून शितल उभी हाय, आन् समोरच्या पार्टीनं दीक्षाला पोलिंग एजंट केलीय. म्हंजी बूथमधी बसून आल्यागेल्याचं तोंड बघायचं. वस्तीवर येऊन बायांना सांगून गेली — पदर मागं घ्यायचा, कार्डावरच्या फोटोशी तोंड जुळलं तर ठीक, न्हाईतर मी हरकत घेणार.

पोरगी रांजणगावला कंपनीत माल तपासती. म्हणलं, बये, तिकडं लोखंड तपास, हितं माणसं कशाला तपासतीस?

म्हणली, "लोखंड खोटं बोलत न्हाई आजी. म्हणून त्याला कार्ड लागत न्हाई."

जीभ बघा. मुळासकट उपटावी अशी.

मी बी सोडली न्हाई. म्हणलं, दोनशे मेंढरांत माझं मेंढरू मी पाठमोरं वळखते. माणूस नदीच्या पल्याड असला तरी चालीवरनं सांगते कोण ते. तोंड बघायची मला गरजच न्हाई.

"तुम्ही वळखता वो," म्हणली. "पण बूथवर मी बसणार हाय."

सोमवार, १२ जानेवारी

माझ्या लेकानं, नवनाथनं, आज पारावर हौसरावला हाणला. हौसराव समोरच्यांचा. शितलच्या बॅनरवर तिच्या तोंडाला शेण फासलं त्यानं. नवनाथनं मुठीएवढा दगड उचलला आन् दातावरच घातला. दोन दात मातीत. घरी आला, हात धुतले, कालवणाचं विचारलं.

मी म्हणलं, दोनच?

लेक बापावर गेलाय. चालतोबी तसाच — डावा खांदा पुढं, मान खाली, एडका टकरीला निघाल्यावाणी. गळ्यात कंपनीचं कार्ड, निळी पट्टी. लग्नातबी काढत न्हाई. म्हणतो, आई, हे कार्ड हाय म्हणून मी हाय. पंधरा वर्सांचा हुईस्तवर मेंढरामागं हिंडल्यालं पोर — आता पट्टी बांधल्याबिगर त्याला त्याचाच भरवसा न्हाई.

मंगळवार, १३ जानेवारी

ठकूचा फोन. ठकू माझी जाऊ. दिवाळी झाली की ती आन् दीर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते आखाडाच्या तोंडाला परत. तिचं मतदान कार्ड माझ्या डब्यात असतंय.

आमच्यात रीतच हाय. मेंढरामागं गेलेल्याचं मागं ऱ्हायलेल्यानं करायचं. त्याच्या देवाला दिवा, त्याच्या कोंबड्यांना दाणे, त्याच्या वाटणीचं मत. सासू करायची, सासूनंतर मी. बोटाला आधी मेण चोळायचं, शाई धरत न्हाई. सकाळी आपलं टाकायचं, दुपारी लुगडं बदलून तिचं. शाळेतल्या मास्तरानं कवा मान वर करून बघितलं न्हाई.

ठकूनं सांगितलं, शितलला टाक. मन तिचं, हात माझा. ह्यात चोरी कुठं आली?

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

रतनबाईकडं तिळाचे लाडू घेऊन गेले. ती आमचा सण करत न्हाई, पण माझ्या हातचा लाडू खाती. चाळीस वर्सं एका वाफ्यात खुरपलंय दोघींनी.

म्हणलं, तुझ्या नातीला आवर. वस्तीवरची पोरं तापल्यात.

रतनबाई लाडू चघळत बसली. मग म्हणली, "ताईबाई, मी नवी नवरी व्हते. धुवट पातळ नेसून पयल्यांदा मत द्यायला गेले. मास्तर म्हणला, तुझं झालंय, जा. रांगेतली माणसं हसली. मला वाटलं माझंच चुकलं. घरी येऊन बघितलं तर समद्या आळीतल्या बायांचं तसंच. आमचं मत आमच्या आधीच शाळंत पोचायचं."

कोण टाकायचं म्हणून मी विचारलं.

"पदर असायचा तोंडावर. कोण सांगणार? म्हणून पोरगी पदर मागं घ्यायला लावती."

लाडू कडक झालाय म्हणलं आन् उठले.

पण ठकूची गोष्ट येगळी. ठकूनं सांगितलंय. तिचं मत तिला इचारूनच टाकायचंय.

रविवार, १८ जानेवारी

हात अजून झिणझिणतोय. थोबाडीत दिली मी त्या पोरीला.

सकाळी माझं टाकलं. दुपारी ठकूचं हिरवं लुगडं नेसले, पदर नाकापतूर, ठकूचं कार्ड घेऊन रांगेत. साहेबानं नाव वाचलं. दीक्षा म्हणली, पदर मागं घ्या. न्हाई घेतला. ती उठली, माझ्याजवळ आली, आन् हळूच म्हणली, "आजी, घरी जा. मी काय बोलत न्हाई."

तिनं मला वाट दिली व्हती. खोटं कशाला लिहू.

मी म्हणलं, कोण आजी, मी ठकू हाय, कार्ड बघ. मग ती साहेबाकडं वळून मोठ्यानं म्हणली, "हरकत. ह्या त्या न्हाईत. ह्यांचं मत सकाळी झालंय."

रांगेत मागं कोण तरी हसलं. त्या हसण्यावर माझा हात सुटला. चष्मा लांब जाऊन पडला तिचा. पोलीस बाईनं मला धरून दाराबाहेर काढलं, पदर खांद्यावर, डोकं उघडं, समदा गाव बघतोय. नवनाथनं ते बघितलं आन् खुर्ची उचलून खिडकीवर मारली. काचा. मग पोलिसाची काठी त्याच्या पाठीत, नवनाथचं डोकं पोलिसाच्या छातीत. बबनराव, आमच्या पार्टीचे, मधी पडले म्हणून निभावलं. साहेबानं म्हातारी म्हणून मला सोडलं.

दीक्षानं चष्मा उचलला, पुसला, जाग्यावर जाऊन बसली. रडली न्हाई कार्टी. माझी दोन बोटं तिच्या गालावर तशीच उठल्याली.

सोमवार, १९ जानेवारी

शितलला आन् समोरच्या बाईला सारखीच मतं. मग तहसीलवाल्यांनी डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, अंगणवाडीतल्या पोरीला एक उचलायला लावली. शितलचं नाव डब्यातच ऱ्हायलं.

ठकूचं पडलं असतं तर डबा लागला नसता. हे वस्तीवर प्रत्येकजण म्हणाला. नवनाथ कुऱ्हाडीला धार लावत बसला, लाकडं नसताना.

बुधवार, २१ जानेवारी

बांधावर घास कापत व्हते. दिवस कलला व्हता, पण उजेड व्हता. दीक्षा कंपनीतनं स्कुटीवर येत व्हती. कालव्याच्या चारीवरच्या पुलावर मोटारसायकल आडवी. दोन माणसं, तोंडं मफलरनं बांधल्याली. एक गाडीवरच बसून. दुसरा काठी घेऊन उतरला.

पयली काठी हातावर. तिनं डोकं वाचवायला हात वर केला व्हता, तो मोडला, वाळल्या तुराटीवाणी. दुसरी जबड्यावर. मग ती खाली, आन् हा मारतच ऱ्हायला. धोपटणं म्हणत्यात ना, तसं. मेंढराचा चोर आम्ही असा मारत न्हाई. दीक्षानं त्याची गचांडी धरली व्हती, ती सुटली तवा तिच्या मुठीत कायतरी व्हतं, ते गवतात पडलं.

मी आराडले. विळा फेकून मारला. गाडी गेली.

पोरीचं तोंड तोंड ऱ्हायलं नव्हतं. पदर फाडून बांधलं. दात माझ्या तळव्यात आले. रगत कोमट असतंय, नुकत्या जन्मल्या कोकराच्या वारेवाणी. उसाचा टेम्पो चालला व्हता, त्यात घातली.

तोंडं बांधल्याली. बास. बाकी लिहायचं न्हाई.

गुरुवार, २२ जानेवारी

नवनाथ सकाळपासनं घर उचकतोय. अंथरूण, कपाट, गोठा. कंपनीचं कार्ड सापडत न्हाई. तरीबी कामावर गेला, तर गेटवरनं परत लावला. वॉचमन बारा वर्सांचा वळखीचा. रोज एका टपरीवर चहा पितात. म्हणला, नवनाथभाऊ, मी वळखतो वो, पण कार्डाबिगर आत सोडता येत न्हाई.

मला विचारलं, आई, कुठं दिसलं का?

मी पीठ मळत व्हते. न्हाई म्हणलं.

अंकिता, माझी नात, बापाला म्हणली, पप्पा, काल तर सेकंड शिफ्ट व्हती ना तुमची, मग कार्डाबिगर आत कसं गेला? नवनाथनं तिच्या कानाखाली काढली. त्यानं पोरीवर आजवर हात उगारला नव्हता. पोर गाल धरून माझ्याकडं बघत ऱ्हायली.

शुक्रवार, २३ जानेवारी

दौंडला दवाखान्यात जाऊन आले. दीक्षाचा जबडा तारांनी बांधलाय. उजवा हात तीन ठिकाणी. डोळा राहील का न्हाई, डॉक्टर सोमवारी सांगणार. पोलिसांनी तिला विचारलं, कोण व्हतं. तिनं पाटीवर डाव्या हातानं लिहिलं — तोंडं बांधली व्हती. गावात विचारलं, तर कुणी काय बघितलं न्हाई. रविवारी ठकू आन् ताईबाईतला फरक समद्या रांगेला कळला व्हता. आता समद्यांची नजर गेली.

काल बबनराव येऊन गेले. म्हणले, म्हातारे, मोतीबिंदू वाढलाय म्हणून सांग, कोण खोदून विचारणार न्हाई. मी म्हणलं, तुमच्या डोळ्यातला काढा आधी. तोंड वाकडं करून गेले.

दवाखान्याच्या पायरीवर रतनबाई बसल्याली. शेजारी बसले. माझ्याकडं न बघता म्हणली, "तू बांधावर व्हतीस. वळखलंस?"

"तोंडं बांधल्याली व्हती गं."

ती म्हणली, "तोंड कवापासनं लागायला लागलं तुला, ताईबाई?"

तिनं काठी घालायची व्हती माझ्या डोक्यात त्यापरीस.

येताना एसटीत बसायला जागा व्हती. शिरूरपतूर उभीच आले.

शनिवार, २४ जानेवारी

नवनाथ जेवायला बसला. मी वाढलं न्हाई. चुलीतलं जळतं लाकूड काढलं आन् त्याच्या मनगटावर हाणलं, ज्या हातात काठी व्हती त्यावर. शितल आराडली. तो उठला न्हाई, हात मागं घेतला न्हाई. भाजल्याल्या केसांचा वास घरभर.

म्हणला, "तुझ्यासाठी केलं. तुला समद्या गावात उघडी केली तिनं."

पदर मागं घे म्हणली व्हती, तो मी घेतला न्हाई. घरी जा म्हणली व्हती, ते मी ऐकलं न्हाई. उघडी मला कुणी केली?

मी म्हणलं, माझ्यासाठी करायचं व्हतं तर तोंड कशाला बांधलंस? माझ्या नावावर हाणामारी करायची आन् आपलं नाव झाकायचं. ठकूचं मत टाकायला मी पदर वढला, तसा तू मफलर वढला. चांगला शिकलास माझ्याकडनं.

तो म्हणला, आई, कुणी वळखलं न्हाई. तू गप ऱ्हायलीस तर झालं. तिचं हाड जुळंल, माझी नोकरी जाईल. पोरीचं लग्न व्हायचंय.

ह्यो पोटात असताना मी मेंढरामागं माळशेजचा घाट चढले व्हते. वाटेतच झाला. नाळ कात्रीनं कापली, लोकर कापायच्या. आज परत तीच हातात घ्यावी वाटली.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी ठाण्यात गेले. साहेबाला सांगितलं, माझा लेक. साहेब म्हणाला, तोंड बांधल्यालं ना, कशावरनं वळखलं? चालीवरनं म्हणलं. हसला. आज्जी, चालीवर केस उभी ऱ्हात न्हाई, ओळखीचा पुरावा लागतो.

कंबरेची पिशवी सोडली. दीक्षाच्या मुठीतनं गवतात पडल्यालं, बुधवारपासनं पिठाच्या डब्यात ठेवल्यालं, ते टेबलावर टाकलं. निळी पट्टी तुटल्याली, रगत वाळल्यालं, फोटो स्वच्छ. म्हणलं, घ्या कार्ड, तोंड जुळवून बघा.

आता पोलिसांच्या गाडीचा आवाज येतोय. शितलनं उठायचं न्हाई. अंकितानं तर न्हाईच. दार नवनाथनं उघडायचं, तोंड उघडं ठिवून. मोटारसायकलवर बसल्याला दुसरा कोण, ते मला म्हाईत हाय, पण मी सांगणार न्हाई. ते त्यानं सांगायचं. आन् दौंडला जाऊन रतनबाईला काय सांगायचं, तेबी त्यानंच.