उत्तरेच्या गोलमागची जागा

मी, महालिंगप्पा शंभुलिंग हत्तरगे, वय एकोणऐंशी, निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली न येता आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते ठिकाणावर नाही असं गावभर सांगत फिरणारा माणूस एकच, माझा मुलगा गौरीशंकर. तो प्लॉटिंगचा धंदा करतो. माझ्या कोणत्या जागेवर त्याचा डोळा आहे ते खाली येईलच.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी मल्लम्मा हिची. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये, गहाण ठेवू नये आणि पुढच्या भिंतीवर गौरीशंकरचं हात जोडलेलं बॅनर लावू नये. पैसे कुठं गेले असं तिला विचारू नये. मी जन्मभर विचारलं, उत्तर मिळालं नाही.

कलम २. मुलगी शुभांगी आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिने मला तिथं घेऊन दिलेला जाड कोट तिला परत द्यावा, सास्तूरच्या उन्हात तो कोणाच्या कामाचा नाही. हा कोट घालून मी तिच्या गावच्या फुटबॉल टीमच्या मॅच पाहिल्या. तिथल्या लोकांचीही आपल्यासारखीच तऱ्हा. टीव्हीवर इंग्लंडमधल्या क्लबांची मॅच लागली की घरंच्या घरं हलतात, आणि स्वतःच्या गावची टीम देशातल्या लीगमध्ये पावसात खेळते तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मला वाटलं, लोहाऱ्यालाच बसलोय.

पण खेळणारे! पाच नंबरचा एक बचावपटू होता, दिवसा नळ जोडायची कामं करायचा. कोणाच्या तरी कोपराने त्याचं कपाळ फुटलं. पट्टी बांधून आत आला. पट्टी लाल झाली म्हणून रेफरीने बाहेर काढलं, तर दुसरी बांधून आला. ज्याचं कोपर लागलं होतं त्याला पुढच्याच बॉलला चिखलात बसवलं, तेही नियमात, आणि हात देऊन उठवलं. मी उभा राहून ओरडत होतो. शुभांगी कोट ओढत म्हणाली, "अप्पा, खाली बसा की, मागच्यांना दिसंना." मी बसलो नाही.

कलम ३. शाळेने मोडीत काढलेलं स्ट्रेचर मी दुरुस्त करून ठेवलं आहे. ते गौरीशंकरने त्याच्या 'भव्य चषक' स्पर्धेसाठी पोसलेल्या टीमला द्यावं, कारण ती टीम खेळते कमी आणि झोपते जास्त. वाऱ्याची झुळूक आली की एक पडतो. गुडघा धरून "आई गं, मेलो" करत लोळतो, आणि पेनल्टी मिळाली की ताडकन उठून बॉल मागतो. दुखण्यावर मारायचा माझा स्प्रे त्यांच्या कप्तानाला द्यावा. मागच्या चषकात त्याने तो मोज्यावरून मारून घेतला होता. केस विस्कटतील म्हणून हा गडी बॉलला डोकं लावत नाही. एवढं जपलंय तर त्या डोक्यात काय आहे, ते एकदा उघडून बघायला हवं.

माझी शिट्टी मात्र यांच्यापैकी कोणाच्याही हाती जाऊ देऊ नये.

कलम ४. सर, तुम्ही पाहिलेला सगळ्यात कडक खेळाडू कोण, असं पोरं विचारतात. तो निकाल इथं लेखी देऊन ठेवतो. आयर्लंडचा तो पाच नंबरवाला तिसरा.

दुसरा आमचा बलभीम. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. पोरं दिवसभर गप्प बसून असायची. मला ते बघवेना, म्हणून सोलापूरहून बॉल आणला आणि पडीक रानात दगड मांडून गोल केले. बलभीमने ढिगाऱ्याखालून शेजारची माणसं हातांनी उकरून काढली होती. त्याची स्वतःची आई मात्र सापडली तेव्हा गेलेली होती. तो पहिल्या दिवशी खेळायला आला तेव्हा बोटांना नखं पुरती आलेली नव्हती. मी म्हणालो, "राहू दे रे." तर म्हणाला, "सर, हातानं कुठं खेळायचंय?" आणि अनवाणी बॅकला उभा राहिला. त्याला चुकवून कोणी गेला नाही. आता तो नाही. स्प्रेवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पहिला क्रमांक सध्या रिकामा आहे.

कलम ५. ते पडीक रान पुढे मी माझ्या पगारातून विकत घेतलं. ही मिळकत स्वकष्टार्जित आहे, वडिलोपार्जित नाही, हे गौरीशंकरच्या वकिलाने नीट वाचावं. बोअरच्या पाइपांचे गोल मी स्वतः उभे केले. तेच सास्तूरचं मैदान. ते सास्तूर फुटबॉल मंडळाला कायमचं देत आहे, केवळ खेळासाठी. मृत्युपत्राची अंमलबजावणी निखत जाफर शेख हिने करावी. ही माझी विद्यार्थिनी, आता तिथंच पोरापोरींना शिकवते. खांद्याचं हाड मोडलं असताना तिने हाफ टाइमपर्यंत मला कळू दिलं नव्हतं. शिट्टी तिची.

गौरीशंकरने या मैदानाचा रंगीत नकाशा मला न विचारता छापून आणला. नाव 'शिवशंभो सिटी'. उत्तरेच्या फाटकातून मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट. मी हे कलम वाचून दाखवलं तेव्हा तो हसला. "अप्पा, हे कोर्टात लई वर्षं चालंल. तवर ती पोरगी एकटी किती दिवस आडवी येणार?"

बरोबर बोलला. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा काही बरोबर बोलला, म्हणून पुढचं कलम लिहिलं.

कलम ६. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून पुरतात, बहुतेक आपापल्या रानातच. मला माझ्या मैदानात पुरावं. जागा: उत्तरेचा गोल आणि फाटक यांच्या मधोमध. विभूती लावावी, गळ्यातलं इष्टलिंग हातात द्यावं, तोंड फाटकाकडे करावं. विधी करणारे जंगम काही वेगळं म्हणाले तर निखतने त्यांना हे कलम दाखवावं. वर दगडी समाधी बांधावी. पोरं बाजूने वळून आत येतील. जेसीबी येणार नाही. बॉल येऊन मला लागला तर कोणी पाया पडत बसू नये, उचलून खेळ सुरू करावा.

गौरीशंकर, नकाशात तू रस्ता दाखवलास, गटार दाखवलंस, बगिच्यात कारंजं दाखवलंस. बाप कुठं बसणार तेवढं दाखवायचं विसरलास. बापाच्या समाधीवरून रस्ता काढ, आणि मग आपल्या लोकांत प्लॉटला गिऱ्हाईक शोध. पुरल्या दिवसापासून कलम ४ मधला पहिला क्रमांक माझा. ये, मला चुकवून दाखव.

हे सगळं मल्लम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अवो, मेल्यावर बी राखणच करणार का तुमी?" मी म्हणालो, व्हय. तिने हातातली कांद्याची पात निवडून संपवली आणि म्हणाली, "फाटक लई रुंद हाय. तुमच्या एकट्याच्यानं न्हाय व्हायचं. शेजारी माझी जागा सोडा."

सबब, खड्डा घेताना तेवढी जागा सोडावी.

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. याआधी काही लिहिलं असल्याचं कोणी सांगितलं तर ते खोटं समजावं.

सही: म. शं. हत्तरगे

साक्षीदार:
१. डॉ. वैजनाथ गुंडाप्पा माळगे, माकणी. (लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. प्रकृती ठणठणीत, राग जास्त.)
२. जाफर हुसेन शेख, सास्तूर, मंडळाचा जुना गोलकीपर. (बोट वाकडं असल्याने सही अशी आहे.)

स्थळ: सास्तूर, मैदानावर, उत्तरेच्या गोलमागे
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५