जनूने चाखलेलं बोट

२ मार्च १९८४

तीर्थरूप बाबांना पुंडलिकचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी नीट पोचलो. वेळेवर जेवतो, आयेला सांगा. तुम्ही मिठागरावर जायला लागलात का?

घरी दहा दिवस तुम्ही एकच विचारत होतात, आपला धाकटा जनू टाकीत पडलाच कसा? आयेसमोर माझ्याच्याने बोलवलं नाय.

आमच्या डिस्टिलरीत मळीच्या पाण्यात यीस्ट सोडतात. ते जिवंत असतं. गोड खातं, त्याची दारू करतं आणि गॅस सोडतं. हा गॅस दिसत नाय, हवेपेक्षा जड, टाकीतच साचून राहतो. त्यात श्वास घेतला की माणूस तिथंच बेशुद्ध पडतो. गोडी किती उरली ते साहेब काचेच्या नळीने बघतात. जनू बोट बुडवून चाखायचा, तुम्ही मिठागरात खारं पाणी चाखता तसं. त्या दिवशी पाणी खाली होतं, म्हणून तो डोकं आत घालून वाकला. वर आलाच नाय.

ही सवय तुमच्यामुळे लागली, असं मनात आणू नका बाबा. मिठागरावर मोकळं वारं असतं.

आदल्या दिवशी चाखून तो म्हणाला, "अजून गोड हाय, दादा." नळीनेही तेच दाखवलं. मी सगळ्यांदेखत त्याला शाबास म्हटलं.

तुमचा,
पुंडलिक