झटके आणि कंबर

१२ जानेवारी, सोमवार
वारासिवनीहून नागपूर, तांदूळ. येताना सळई. कटंगीच्या पुढे धुकं, दोन तास वाया.
उद्यापासून गाडी दिलीपच्या गॅरेजात. ट्रेलरच्या स्प्रिंगच्या कमानी दबून सपाट झाल्यात, बदलायच्या आहेत. मी तुमसरला, भाचीचं लग्न. बायको, सु., मुलीला घेऊन आधीच पोचली. घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, केबिनमधून गादी, कपडे, बाबासाहेबांचा फोटो सगळं काढून घेतलं, मग किल्ली दिली. दिलीप म्हणाला, "फोटो कायले नेऊन राह्यला बे? मी काय घोडा पळवून नेऊन राह्यलो?" एकाच वॉर्डात वाढलो, एकाच ट्रकवर गाडी शिकलो. तो मिस्त्री झाला, मी ड्रायव्हरच राहिलो. त्याच्याकडे किल्ली देताना मागे वळून बघावं लागत नाही.

१९ जानेवारी, सोमवार
लग्न छान झालं. गाडी छान नाही.
ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतो, वेग घेतला की मागे ओढतो. मधेच नुसता हिसका, कारण नसताना. दात वाजतात. वारासिवनी ते कटंगी एवढ्या तुकड्यात मोजले (पूर्ण रस्ता मोजला तर डोकं फिरेल). झ ३८. म्हणजे अडतीस झटके. आधी पाच-सहा असायचे, तेही खड्ड्यांचे.
दिलीपला फोन. "नव्या कमानी हायेत, टणक राहणारच. पंधरा दिवसात नरम होतीन."

२२ जानेवारी
झ ४०. कंबरेलाही नंबर द्यायचं ठरवलं, ० ते ५. कं ३.
दिलीप म्हणतो टायरमध्ये हवा जास्त आहे. कमी केली. स्वतः आला होता, प्रत्येक चाकाला वाकून गेज लावलं. एवढं कोण करतं.

२७ जानेवारी
हवा कमी करून झ ३९. कं ३. एक झटका कमी, तो बहुतेक मी मोजायचा विसरलो.

२ फेब्रुवारी, सोमवार
पोती दोन हात पुढे रचून घेतली. वजन घोड्यावर आलं की ट्रेलर शेपूट हलवणार नाही, असं दिलीपचं म्हणणं. हमाल कुरकुरले. एक म्हणाला, "ड्रायवर साहेब, तांदूळ हाये का नवरी बसवून राह्यले वर?"
झ ३१. कं ३. आठ कमी झाले म्हणून एवढा आनंद झाला की घरी जिलबी घेऊन गेलो. सु. हसली. म्हणाली, "एकतीस झटके खाल्ले अन् वरून जिलबी खाऊन राह्यले."

६ फेब्रुवारी, शुक्रवार
डावा पंजा सुन्न. कटंगीच्या फाटकाशी क्लच दाबला, दाबला गेला की नाही ते कळेना, खाली वाकून बघितलं.
डॉक्टरकडे गेलो. कंबरेचा फोटो. "नस दब रही है. या तो झटके बंद करो, या गाड़ी बंद करो." सहज बोलला, पंखा बंद करा म्हणावं तसं. सव्वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही आणि मला दुसरं काही येत नाही.
गाडीच्या मालकाला, शेठला, कळता कामा नये. गेल्या वर्षी एका ड्रायव्हरची नजर कमी झाल्याचं त्याच्या कानावर गेलं, त्याच दुपारी त्या ड्रायव्हरच्या सीटवर दुसरा माणूस होता. फक्त सु.ला सांगितलं. आणि दिलीपला.

१० फेब्रुवारी
दिलीपने सीट केली. जुनी काढून खाली स्प्रिंग, वर फोम, त्यावर ट्यूब कापून बसवली. अर्धा दिवस लागला, दुसरं काम घेतलं नाही. सु.ने खोळ शिवून दिली. बसून बघितलं, एकदम राजासारखं.
रोज संध्याकाळी फोन करतो. "आज किती?" मी आकडा सांगतो, मग कंबरेचा सांगतो, मग पायाचं. तो ऐकून घेतो. सु. म्हणते, "सख्खा भाऊ बी रोज रोज इचारत नाही." खरंच नाही विचारत. माझा सख्खा भाऊ गोंदियात आहे, त्याला माझा नंबर तरी पाठ आहे की नाही कोण जाणे.

१३ फेब्रुवारी
नव्या सीटवर झ ३६. कं ३. बुडाला कमी लागतं, कंबरेला तेवढंच. झटका खालून येत नाही, मागून येतो. सीट काय करणार बिचारी.
दिलीपला म्हटलं, घोडा आणि ट्रेलर जिथे जोडतात ती प्लेट एकदा खोलून बघू का? "काहून? मी पाह्यली हाये. ठीक हाये. ग्रीस बी मीच मारतो, तू हात लावू नको, कंबर सांभाळ."

१६ फेब्रुवारी, सोमवार
उकव्याला खाणीचं मशीन पोचवलं. घाटात उतारावर ट्रेलर असा आदळला की डोळ्यांपुढे काजवे. आणि आवाज. नेहमीचा ठक् नाही, कर्र असा. पुढे बैहरची बस होती, माणसांनी भरलेली. मी बराच मागे राहिलो.
कं ४.
फोनवर दिलीपला आवाज काढून दाखवला. तो म्हणाला, "घाटात जाऊ नको काही दिवस." शेठला काय सांगू? "सांग काहीतरी."

२० फेब्रुवारी, शुक्रवार. नागपूर
रात्री गोदामाबाहेर, घोड्यात बसून लिहितोय.
गोदामात जागा नव्हती. ट्रेलर आत सोडा, घोडा बाहेर लावा म्हणाले. महिनाभरात पहिल्यांदा जोड सुटला. खाली वाकलो. ट्रेलरच्या पोटाला मुठीएवढी किंगपिन, तीच प्लेटमध्ये अडकते, सगळा ट्रेलर तिच्यावर ओढला जातो. ग्रीस फार होतं. पुसलं.
पिनीच्या गळ्याभोवती वेल्डिंग. आणि वेल्डिंगला अर्ध्यापर्यंत चीर.
कोणी केलं ते विचारावं लागलं नाही. दिलीप डावखुरा आहे. त्याच्या वेल्डिंगची लहर उलट्या बाजूला कलते. वीस वर्षं बघतोय, हजारात ओळखेन.
इथला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पिनीले वेल्डिंग मारते का कोनी? तुटली का बदलाची राह्यते. उतारावर ट्रेलर येगळा गेला असता ना, तुमी एकीकडे अन् तो एकीकडे."
मला उकव्याचा घाट आठवला. ती बस. गोदामाच्या पायरीवर बसून राहिलो. शेठला फोन केला, पिन तुटायला आली आहे, बदलावी लागेल. वेल्डिंगचं बोललो नाही. का नाही बोललो माहीत नाही.
संध्याकाळी दिलीपचा फोन आला. उचलला नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
नवी पिन. भरलेल्या गाडीनिशी परत. कटंगी ते वारासिवनी झ ४. कं २.
गाडी लोण्यासारखी चालली. ब्रेक मारला, काही नाही. पुन्हा मारला, मुद्दाम. काही नाही. एवढंच हवं होतं मला. कटंगीच्या पुढे बाजूला घेऊन थांबलो आणि रडलो. आनंदाने नाही, संतापाने. टायरची हवा, पोत्यांची जागा, सीट, फोम, ट्यूब. माझ्या बायकोने शिवलेली खोळ. सगळं मला गुंतवून ठेवायला. पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं.
आणि तो रोजचा फोन. आज किती. मला वाटलं कंबरेची चौकशी करतो. तो आपल्या वेल्डिंगची तब्येत विचारत होता.

२४ फेब्रुवारी
दिलीपकडे गेलो. त्याने आधी स्टूल दिलं. मी बसलो नाही.
"कमानी बदलताना पाह्यलं, पिनीले चीर. नवी मिळाली नाही इथं. शेठले सतरा तारखेले गाडी पाहिजे होती. मी म्हनलं तात्पुरतं करतो, आठ दिवसात बदलून टाकतो."
मग?
"मंग तू आला अन् सांगाले जमलं नाही. रोज वाटे, उद्या सांगतो."
मी म्हटलं, मी मेलो असतो. तो म्हणाला, "म्हनूनच तर रोज फोन करत होतो ना." हे त्याने खरोखर म्हटलं. आणि त्याला ते पटलेलं दिसत होतं.
शेठसमोर तू स्वतः सांग, एवढंच मागितलं. "हौ, सांगतो."

२५ फेब्रुवारी, बुधवार
शेठच्या ऑफिसात तिघं. नागपूरच्या मिस्त्रीने जुनी पिन डब्यात घालून दिली होती, ती टेबलावर. शेठने वेल्डिंगवर बोट फिरवलं. "ये किसने किया?"
मी दिलीपकडे बघितलं. तो पिनीकडे बघत होता. म्हणाला, "सेठजी, मेरे यहाँ से तो ठीक गई थी. रास्ते में कहीं करवाया होगा."
रास्ते में. करवाया होगा. माझं नावसुद्धा घेतलं नाही.
मी पिन उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. सव्वीस वर्षांत कुणाशी भांडताना मला शब्द कमी पडले नव्हते. शेठ मला म्हणाला, "शनिवार दस बजे तक सच बताओ, नहीं तो चाबी रख दो." तोपर्यंत गाडी उभी.
बाहेर आल्यावर दिलीपने माझ्या खांद्यावर हात ठेवला. झटकून टाकला.

२६ फेब्रुवारी
पुरावा एकच, ही वही. तेरा तारखेपासून गाडी त्याच्याकडे, एकोणिसापासून झटके, आणि प्रत्येक वेळी तो काय म्हणाला ते तारखेनिशी. प्लेट पाह्यली हाये, ठीक हाये. हात लावू नको. सगळं आहे. शेठला मराठी नीट वाचता येत नाही, पण मुनीम वाचून दाखवेल.
पण त्याच पानांवर कं ३, कं ४. पंजा सुन्न, क्लच कळेना. डॉक्टर. झटके आणि कंबर मी एकाच ओळीत लिहीत गेलो. नाव वाचवायला वही दाखवली तर सीट जाते. नाही दाखवली तर नाव जातं आणि सीटही.
सु.ने पहिल्यांदा वही वाचली, भाजी निवडता निवडता. रडली नाही. म्हणाली, "दिलीपभाऊनं पिन लपवली. तुमी पाय लपवला. त्या बसमंधल्या मानसाईले दोन्ही सारखंच."
मला राग आला. म्हटलं, माझा पाय त्याच्या पिनीमुळे गेला. "हौ. पन गाडी तर तुमीच चालवून राह्यले होते ना."
जेवलो नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी दिलीप घरी. सु.ने चहा ठेवला आणि आत गेली. तो साखर कमी आहे म्हणाला, नेहमीसारखा.
मी वहीचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्याच्यापासून काही लपवायची सवयच नाही मला.
त्याने कप खाली ठेवला. अगदी हळू बोलला, आजारी माणसाशी बोलावं तसं. "पाह्य. शेठच्या पाच गाड्या माह्याकडे येतेत. तू वही दाखवली तर मले तुह्या पायाचं सांगा लागन. डाक्टरचं बी. तू चूप राह्यला तर मी बी चूप. मी म्हनतो, नागपूरच्या कोन्या मिस्त्रीनं केलं असन, ड्रायवरले बी माहीत नाही. दोघाईचं चालते."
मी विचारलं, माझ्या पायाचं तू सांगशील?
"तूच तर सांगितलं मले," म्हणाला. "रोज."
तो गेल्यावर त्याचा कप मी स्वतः धुतला. दोनदा. पिन लपवली त्याचं एक वेळ समजू शकतो, घाबरला असेल. हे घाबरून केलेलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
आठ वाजले. दहाला बोलावलंय.
तीन दिवस गाडी नाही. कं १. उठून उभा राहिलो तर डाव्या पंजाला फरशी गार लागली. पूर्ण नाही, अंगठ्याकडे अजून बधिर. पण लागली. महिनाभर अशी गाडी मिळाली तर बरा होईन, असं मला वाटतं. डॉक्टरला विचारलं नाही.
वही पिशवीत घातली, काढली, परत घातली.
सु. चपात्या करून राहिली आहे. आत्ताच विचारून गेली, "डबा किती येळचा भरू?" नागपूरला जायचं तर दोन वेळचा लागतो, किल्ली ठेवून यायचं तर लागतच नाही.
मी अजून सांगितलं नाही. ती पोळपाटापाशी थांबली आहे, कणकेचा दुसरा गोळा हातात घेऊन.