ऐनूचे नातलग

४ जाने., इंदापूर
प्रेसवाल्याचा फोन. "ताई, पानं लावून झाली, छापायच्या आधी तेवढी बघून घ्या." ह्यांचं पुस्तक. वर्षश्राद्धाला वाटायचं. रिटायर झाल्यापासून हे त्यातच. जपानच्या उत्तरेकडचे ऐनू लोक, त्यांची भाषा आणि आपल्या मेंढपाळांची बोली, दोघी एका आईच्या, हे त्यांचं म्हणणं. सुरुवातीला राऊत सरांची, बारामतीच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचे त्यांची, प्रस्तावना, 'मोलाचं संशोधन'. ती ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवली होती.

९ जाने.
बारामतीला सरांकडे, आमंत्रण द्यायला.
"वहिनी, माझी प्रस्तावना तेवढी काढा. ऐनूचं नातं कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही. सारखे वाटणारे शब्द शेजारी मांडून होत नसतं ते."
"मग लिहिलंत कशाला?"
"त्यांना बरं वाटावं म्हणून."
सरांच्या आई आतून, "जपानी पावणं म्हंतो ह्यो, त्यांची मालकीण व्हय? त्यांच्या गोष्टी सांगून लई हसवतो आमाला ह्यो." सरांनी उठून आतलं दार लोटलं.
येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

१० जाने.
ह्यांची पुस्तकं काढून वाचत बसले. ह्यांच्याच नादानं वाचायला लागले होते. सर म्हणतात ते खरं. कुणी युरोपशी नातं जोडलं, कुणी सायबेरियाशी, कुणी आग्नेय आशियाशी. एकही सिद्ध नाही. ऐनू एकटीच.
म्हणजे हे चुकले. ते सोसेन. पण सरांनी तोंडावर सांगितलं असतं तर हे चिडले असते, जेवले नसते, मग पुन्हा पहिल्यापासून मांडून बसले असते. सरांनी त्यांना साधं भांडूही दिलं नाही. इतकी वर्षं आमच्याकडे येऊन इतका चहा प्यायले.

संक्रांत
सर आले. त्यांनी तिळगूळ पुढे केला, 'गोड बोला' म्हणाले नाहीत.
"लोक हसतील, वहिनी."
"तुमच्यानंतर कोण राहिलंय हसायचं?"
मी चहा टाकला नाही. पहिल्यांदाच.

१६ जाने.
सांगवीचे तात्या, माझे चुलतदीर, आले होते. सगळं सांगितलं. "दादा चुकला आसंल, पर लबाड न्हवता. त्या सराचं नाव ऱ्हाऊ दे तितंच. बसू दे बोंबलत."
संध्याकाळी प्रेसवाला. "छापू का ताई? प्रस्तावनेसकट?"
उद्या सांगते म्हटलं.
प्रस्तावना ठेवली तर ह्यांचं पुस्तक खोट्यानं सुरू होतं. काढली तर ह्यांचं म्हणणं खरं मानणारं कुणीच उरत नाही. मी धरून.