परमुलखातल्या दोन खोल्या आणि ताईचं सुटलेलं घर

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठावीस, धंदा दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा धुणे, या देशात परका नागरिक, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल भाऊजींची हरकत असेल, ती नोंदवून घ्यावी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तेव्हा द्यायला फक्त सायकल होती.

१. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या दोन्ही खोल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, मिळाव्यात. कारण लिहायची गरज नाही असं वकीलबाई म्हणतात, तरी लिहितो. परका म्हणून बँकेने निम्मी किंमत आधीच मागितली. ती मी गावोगावच्या काचा पुसून जमवली होती. मग म्हणाले, उरलेल्या रकमेच्या कर्जाला आयुर्विमा हवा. विमेवाल्याने धंदा विचारला, मी सांगितला, त्याने पेनाला टोपण लावलं. ताईला फोनवर म्हटलं, "जाऊ दे, नाही नशिबात." ती म्हणाली, "गप रे. विम्याऐवजी माझं घर तारण देते." मागून भाऊजी ओरडले, "अगं, तो दोरावर लोंबकळतो, आणि तू आपलं घर त्याच्या कमरेला बांधतेस?"

तेव्हापासून प्रत्येक गाठ मी दोनदा तपासत आलो. आज बँकेचं पत्र आलं: बरंच कर्ज फिटलं, यापुढे माझ्या खोल्यांचं तारण पुरे, ताईचं घर मोकळं. मी जिन्यातच बसलो. शेजारीण घाबरली, "काय रे, कोणी गेलं का?" मला हसूच आवरेना.

२. परका मालक मेला की इथे वारसा कर लागतो आणि इथल्यांना असते ती मोठी सूट आपल्याला नाही. कर भरल्याशिवाय घर नावावर होत नाही. म्हणून भाड्याने दिलेल्या एका खोलीच्या भाड्यातून हप्ता जाऊन उरेल ते मी वेगळ्या खात्यात टाकतो. त्याला कोणी हात लावू नये. भाऊजींनी तिकडे बघूही नये.

३. भाडं गोळा करणारा दलाल, मालक परका म्हणून, भाड्यातून आधीच कर कापून भरतो. मला वाटलं, कापला म्हणजे मिटलं. तळमजल्यावरचे करसल्लागार काका म्हणाले, "अरे शहाण्या, तो अख्ख्या भाड्यावर कापलाय! विवरणपत्र भर, व्याज आणि दुरुस्ती वजा कर, जास्तीचं परत माग." ताईने हे काम त्यांच्याकडूनच करून घ्यावं. खोल्या विकल्या तर घेणारा करापोटी काही रक्कम अडकवून ठेवेल. ती बुडाली समजून रडत बसू नये. हिशेब दिला की जास्तीची सुटते.

४. दोराच्या कड्या आणि कमरपट्ट्याची बकलं कामावरच्या माझ्या जोडीदाराला. दोर मात्र कापून टाकावेत, दोराला वय असतं. सायकल विमेवाल्याला, धोका म्हणजे काय ते तिच्या ब्रेकवरून त्याला कळेल.

५. भाऊजींशी वैर आजपासून संपलं. ते बरोबर बोलत होते. हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नये.

६. ताईने खोल्या ठेवाव्यात की विकाव्यात, तिची मर्जी. पण स्वतःचं घर पुन्हा कोणासाठीही तारण देऊ नये. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रातली सूचना मी मेल्यावरच लागू होते. तेवढं थांबायला मला वेळ नाही, म्हणून एक प्रत आजच पाठवतो. ताई, पुढच्या वेळी मी फार गोड बोलायला लागलो, तर सरळ फोन ठेव.

सही: धाकटा भाऊ

आमच्यादेखत सही केली. हसत होता, पण शुद्धीत होता.
साक्षीदार: करसल्लागार, तळमजला
साक्षीदार: शेजारीण, चौथा मजला

ठिकाण: माझंच स्वयंपाकघर
तारीख: बँकेच्या पत्रावर आहे तीच