पाव्हण्यांसाठी धपाटे

प्रिय उत्तरा,

माझ्या हातचं पिठलं खाऊन तू म्हणलीस, "महारुद्र, तू कॉलेजात काय करायलास? खानावळ काढ," तिथंच माझं सगळं बदललं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आपली कॉलेजातली टोळी रविवार आला की कुठला तरी धबधबा गाठायची. त्या दिवशी सहस्रकुंडला तुम्ही सगळे पाण्यात आन मी तीन दगडांच्या चुलीपाशी. तू ओल्या केसांनी आलीस, भाकरीवर पिठलं घेतलंस, वर ठेचा. मग परत वाढून घेतलंस. मी बघतच राहिलो. आपल्या टोळीतला सारंग म्हणला, "येड्या, तिला भूक लागलीय, दुसरं काय न्हाई." मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. कॉलेज मात्र सोमवारीच सोडलं आन पुढं पोखर्णीला देवळापाशी खानावळ टाकली. डबे पोचवायला आता सारंगच असतो.

काल तुझा फोन आला. "उद्या मला बघायला पाव्हणे येणारेत. आईनं तुझ्याकडचे धपाटे सांगितलेत, दही बी."

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "मी काय तुमच्या घरचा आचारी हाय का?"

तू म्हणलीस, "सारंगच्या हाती पाठवू नको. तू स्वतः ये. पाव्हण्यांच्या आधी ये."

तुझ्या बोलण्याचा अर्थ मी आता लावत बसणार नाही. तोंडावर विचारणार, त्यांना हो म्हणणार का मला. हे पत्र टपालात टाकलं तर पोचेपर्यंत तुझा साखरपुडा होऊन जाईल, म्हणून ते इथंच गल्ल्यात ठेवतो. धपाटे बांधून झालेत, अजून गरम हायेत.

हा दार ओढून निघालो,
महारुद्र